दहा सेकंदांत मावणारा जॅझ

नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी हिप-हॉपवर जॅझचा प्रभाव होता, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आणि स्वतःही इतक्या वेळा म्हटले की प्रभाव म्हणजे नेमके काय, हे विचारायचेच राहून गेले होते. मागे ट्रम्पेटचा एखादा सूर येतो, डबल बास घुमतो, पियानोचे दोन-चार स्वर फिरत राहतात, एवढे कोणालाही ऐकू येते. पण ते स्वर कोणत्या रेकॉर्डवरून उचलले, उचलल्यावर त्यांचे काय केले, आणि एवढ्या मोठ्या संग्रहातून तेवढेच का उचलले, हे प्रश्न नुसते ऐकून सुटणारे नव्हते. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी ठरवले की आवडती काही गाणी निवडायची, त्यांची मूळ जॅझ ध्वनिमुद्रणे मिळवायची आणि त्या काळच्या यंत्रांना जेवढी मुभा होती तेवढीच स्वतःला देऊन त्या गाण्यांचे सांगाडे घरच्या संगणकावर पुन्हा बांधून पाहायचे. हे कोणाला ऐकवण्यासाठी नव्हते. काम कसे झाले असेल ते हाताला कळावे, एवढाच हेतू होता.

या वाटेला मी लागले ती, बहुधा अनेकांप्रमाणे, ‘कँटालूप’ या गाण्यामुळे. अस-थ्री हा लंडनचा गट; ब्लू नोट कंपनीने आपला जुना संग्रह त्यांना खुला करून दिला आणि हर्बी हॅनकॉक यांच्या १९६४ सालच्या ‘कँटालूप आयलंड’मधल्या पियानोवर हे गाणे उभे राहिले. ते आजही कानाला गोड लागते, मात्र त्यात मूळ रचना जवळजवळ आहे तशीच येते, त्यामुळे उलगडण्यासारखे फारसे उरत नाही. खरी ओढ लागली ती न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाची. त्यांचा ‘द लो एंड थिअरी’ हा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ रोजी आला आणि त्यानंतर चारच दिवसांनी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस गेले. या दोन तारखा शेजारी ठेवून त्यांतून काहीतरी गूढ अर्थ काढण्याचा मोह चाहत्यांना होतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. माइल्स स्वतः त्या वर्षी ईझी मो बी या हिप-हॉप निर्मात्याबरोबर काम करत होते. ते अपुरे राहिलेले काम पुरे करून १९९२ साली अल्बम काढण्यात आला, आणि माझ्या मते तो त्यांच्या लौकिकाला साजेसा नाही. जॅझच्या बाजूने टाकलेले ते पाऊल अडखळले, हिप-हॉपच्या बाजूने टाकलेले पक्के बसले, असे का झाले असावे, हेही मला जाणून घ्यायचे होते.

मी पहिल्यांदा ‘एक्स्कर्शन्स’ हे ‘द लो एंड थिअरी’मधले सलामीचे गाणे घेतले. त्याच्या सुरुवातीला ड्रम नाहीत. फक्त डबल बासची एक चाल आणि तिच्यावर गटाचे, लयीत शब्द बोलणारे रॅपर क्यू-टिप यांचा आवाज. बऱ्याच ओळी झाल्यावर ड्रम आत येतात. ही चाल ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ मेसेंजर्स या गटाने १९७३ सालच्या ‘बुहेना’ या अल्बममध्ये वाजवलेल्या ‘अ चांट फॉर बू’ या रचनेतली आहे. इस्लाम स्वीकारल्यावर ब्लेकी यांनी घेतलेल्या नावात बुहेना हा शब्द होता आणि जवळची मंडळी त्यांना बू म्हणत. मूळ ध्वनिमुद्रण लावले आणि मी चक्रावले. स्वर तेच, बासचा तो लाकडी, पोटातून येणारा नादही तोच, पण वजन तीनचे. दादऱ्याचा ठेका आणि केरव्याचा ठेका ज्याच्या कानावर आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हिप-हॉपचे ड्रम चारच्या मापात चालतात. त्यामुळे बासचा तुकडा कापून जसाच्या तसा फिरवला की ड्रम आणि बास वेगवेगळ्या वाटांनी जाऊ लागतात, मधूनच एकदा समेवर भेटतात आणि पुन्हा दुरावतात.

क्यू-टिप यांनी चालीत एका मात्रेची भर घालून ती चारच्या मापात बसवली, असे या गाण्याविषयी सांगितले जाते. वाचायला हे एका ओळीचे काम आहे. ते करायला बसल्यावर मात्र लक्षात येते की ही भर कशाने घालायची, हाच सगळा प्रश्न आहे. त्या जागी शांतता ठेवली तर चाल लंगडते. शेवटचा स्वर ताणून धरावा, तर तारेचा नाद आधीच विरत आलेला असतो आणि ताणलेला भाग पोकळ ऐकू येतो. शेवटी चालीतलाच एक छोटा तुकडा पुन्हा जोडला, तेव्हा ती चाल पहिल्यापासून चारचीच असल्यासारखी वाहू लागली. जोड कुठे द्यायचा, हे शोधताना मी आवाज इतका मोठा केला की बोट तारेवर टेकल्याची बारीकशी खरखर स्वराच्या आधी ऐकू येऊ लागली. त्या खरखरीच्या लगेच आधी कापले तर सांधा कळत नाही. खरखर कापली गेली तर तोच स्वर एखाद्या कीबोर्डवर वाजवल्यासारखा निर्जीव होतो. ‘उचलले’ या शब्दात हे काम मावत नाही, हे मला त्या संध्याकाळी पटले. ब्लेकी यांच्या गटाने वाजवलेली चाल आणि गाण्यात ऐकू येणारी चाल यांच्या मध्ये रचनेचा एक पूर्ण निर्णय आहे, आणि तो घेणारा त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा होता.

आता यंत्राविषयी, कारण या संगीताचा निम्मा स्वभाव यंत्राच्या तुटपुंजेपणातून आला आहे. ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा (सॅम्पल) साठवून हवा तसा वाजवू देणारे यंत्र, १९८७ साली बाजारात आले. त्यात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण मावत असे आणि एका तुकड्याची लांबी अडीच सेकंदांच्या वर जाऊ शकत नसे. ध्वनीची नोंद बारा बिटांची, सेकंदाला सुमारे २६ हजार नमुन्यांची. म्हणजे साध्या सीडीपेक्षा बरीच भरड. पुढच्या वर्षी अकाई कंपनीचे, रॉजर लिन यांनी घडवलेले एमपीसी-६० आले, त्यातही स्मृती तेरा सेकंदांच्या आसपासच होती. या दहा सेकंदांत ड्रमचे सगळे आवाज, बास, पियानो आणि सनईसारखा एखादा तीक्ष्ण सॅक्सोफोनही बसवायचा. मी संगणकावर हीच बंधने घालून घेतली. आजच्या संगणकावर ही तशी कृत्रिमच, उपासाच्या दिवशी भरल्या स्वयंपाकघरात बसण्यासारखी गोष्ट. पण त्याशिवाय पुढची युक्ती मला उमगली नसती.

युक्ती अशी की मिनिटाला ३३ फेऱ्यांनी वाजवायची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर लावायची, त्या पळत्या, किरट्या आवाजाचेच सॅम्पल घ्यायचे आणि मग यंत्रात ते पुन्हा मूळ पट्टीवर खाली आणायचे. वेग सुमारे १.३५ पट झाल्यामुळे अडीच सेकंदांच्या जागेत तीन सेकंदांहून थोडा अधिक ऐवज मावतो. रेकॉर्ड-प्लेअर माझ्या आतेभावाकडे आहे. तो जॅझचा जुना आणि कडवा श्रोता. पियानोवादक अहमद जमाल यांची ‘द अवेकनिंग’ त्याच्या संग्रहात आहे आणि ती तो सहसा कोणाला हात लावू देत नाही. मी ती ४५ वर लावली तेव्हा तो आतल्या खोलीतून धावत आला. ‘अगं, असं काय करतेस? त्या माणसाला जरा श्वास तरी घेऊ दे,’ असे म्हणाला आणि मग कुतूहलाने शेजारी बसून राहिला. पट्टी खाली आणल्यावर जे ऐकू आले त्याने आम्ही दोघेही चकित झालो. पियानोच्या वरच्या स्वरांवरची चकाकी गेली होती, कारण अशा उलटसुलट प्रवासात सेकंदाला दहा हजार कंपनांच्या वरचे जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. उरलेला आवाज किंचित खरबरीत, जाड आणि जवळ आल्यासारखा झाला होता. त्या काळच्या गाण्यांमध्ये जो ‘धुरकट’ पियानो म्हणून आपण ओळखतो, तो कोणी मुद्दाम रंगवलेला नव्हता. जागा वाचवता वाचवता तो तसा झाला आणि मग कानांना तोच हवासा वाटू लागला. दादाचे मत अर्थातच वेगळे पडले. मूळ ध्वनिमुद्रणात ती चकाकी आणण्यासाठी लोकांनी रात्री जागवल्या होत्या, असे तो म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे.

‘द अवेकनिंग’ निवडण्याचे कारण तिच्यातली ‘आय लव्ह म्युझिक’ ही रचना. रॅपर नॅस यांच्या १९९४ सालच्या ‘इलमॅटिक’ या अल्बममध्ये ‘द वर्ल्ड इज युवर्स’ हे गाणे आहे. त्याचे निर्माते पीट रॉक यांनी पियानो इथून घेतला. मी तो तुकडा सुरुवातीलाच सापडेल अशा समजुतीने सुई ठेवली. जमाल मात्र बराच वेळ एकटेच, ठेका न धरता, स्वतःशी बोलल्यासारखे वाजवत राहतात. मग बास आणि ड्रम हलकेच सामील होतात, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर, इतर शंभर सुंदर गोष्टींच्या मध्ये, तो तुकडा क्षणभर येऊन जातो. तो तिथे आहे हे ठाऊक असूनही पहिल्या खेपेस माझ्या हातून निसटला. पीट रॉक यांना तो तिथे आहे हे सांगणारे कोणी नव्हते. पूर्ण रचना अखेरपर्यंत ऐकल्याशिवाय, आणि ऐकताना ‘यावर कोणी बोलले तर कसे वाटेल’ हा प्रश्न मनात जागा ठेवल्याशिवाय, तो सापडणे शक्य नाही. त्यांच्याच १९९२ सालच्या, अकाली गेलेल्या मित्राच्या आठवणीत केलेल्या गाण्यातला सॅक्सोफोन टॉम स्कॉट यांच्या १९६७ च्या एका गुळगुळीत, समूहस्वरांनी भरलेल्या ध्वनिमुद्रणातला आहे. ते मूळ ऐकून मला तर पाच मिनिटांत कंटाळा आला असता आणि मी रेकॉर्ड परत पाकिटात घातली असती.

गाळण्याचेही एक तंत्र आहे. फिल्टर लावून वरचे सगळे स्वर दाबले की कोणत्याही वाद्यवृंदातून बासची घुमारदार सावली तेवढी उरते. तीच पुढे नव्या गाण्याचा पाया होते. डीजे प्रीमियर या निर्मात्याची रीत आणखी निराळी. ते तुकडा फिरवत ठेवण्याऐवजी त्याचे बारीक काप करून यंत्राच्या पॅडवर, म्हणजे बोटांनी दाबायच्या चौकोनांवर, नव्याने वाजवत. ‘इलमॅटिक’मधलेच ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ घ्या. जो चेंबर्स या जॅझ ड्रमवादकाच्या एका रचनेतल्या पियानोचे काही मोजके, अस्वस्थ करणारे स्वर तिथे सतत परत येतात. मूळ संदर्भातून सुटल्यावर ते इतके धोक्याचे वाटतात की मूळ रचना ऐकताना उलट तीच निवांत भासते.

हे सगळे करत असताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली, की ही मुले जॅझकडे बाहेरून आलेली नव्हती. क्वीन्समधल्या सेंट ऑल्बन्स भागात क्यू-टिप आणि गटातले दुसरे रॅपर फाइफ वाढले, त्याच भागात एके काळी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन राहत होते. लुई आर्मस्ट्राँग यांचे घर क्वीन्समधल्याच कोरोना भागात. नॅस यांचे वडील ओलू डारा हे कॉर्नेट वाजवणारे जॅझ कलावंत, आणि ‘इलमॅटिक’मधल्या एका गाण्याच्या शेवटी त्यांचेच कॉर्नेट ऐकू येते. ‘एक्स्कर्शन्स’च्या सुरुवातीलाच क्यू-टिप सांगतात की वडिलांना हिप-हॉप ऐकून बीबॉप या जुन्या जॅझ प्रकाराची आठवण होई. वडिलांच्या कपाटातल्या रेकॉर्डी मुलाने आपल्या पद्धतीने ऐकल्या, एवढे साधे हे आहे. ‘द लो एंड थिअरी’च्याच एका गाण्यात रॉन कार्टर यांनी स्वतः येऊन डबल बास वाजवला आहे. साठच्या दशकात माइल्स यांच्या प्रसिद्ध पंचकात असलेला हा माणूस. त्याच्या बासचे सॅम्पल घेणे सहज शक्य असताना त्यालाच बोलावणे, यात मला आदर दिसतो. मी ते गाणे आणि ‘एक्स्कर्शन्स’ लागोपाठ लावून पाहिले. सॅम्पलमधला बास प्रत्येक फेरीला तसाच येतो आणि त्यामुळे मंत्रासारखा बसतो. कार्टर यांचा बास प्रत्येक फेरीला जरासा वेगळा, बोलणाऱ्याच्या शब्दांना वाट करून देणारा. दोन्ही एकाच अल्बममध्ये असणे, हीच त्या अल्बमची श्रीमंती आहे.

मूळ कलावंतांना याचे काय मिळाले, हा प्रश्न मनात येणारच. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने सॅम्पलच्या खटल्यात रॅपर बिझ मार्की यांच्या विरोधात निकाल दिला. बायबलमधली चोरी न करण्याची आज्ञा उद्धृत करून तो निकाल सुरू होतो. त्यानंतर परवानगीशिवाय सॅम्पल घेणे धोक्याचे झाले आणि डझनावारी रेकॉर्डींचे तुकडे एका गाण्यात विणणे परवडेनासे झाले. डी ला सोल या हिप-हॉप गटाचे सुरुवातीचे अल्बम तर सॅम्पलांच्या जुन्या करारांच्या गुंत्यामुळे ३ मार्च २०२३ पर्यंत अधिकृतपणे ऑनलाइन ऐकताच येत नव्हते. मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते जेम्स न्यूटन या जॅझ बासरीवादकाच्या खटल्याने. त्यांच्या ‘क्वायर’ या रचनेतला सहा सेकंदांचा तुकडा बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने वापरला होता. ध्वनिमुद्रणाची परवानगी रेकॉर्ड कंपनीकडून रीतसर घेतली होती, रचनेची घेतली नव्हती. न्यूटन हरले, कारण कागदावर लिहिलेली रचना पाहिली तर त्या तुकड्यात अवघे तीन स्वर होते, आणि तेवढा वापर न्यायालयाला किरकोळ वाटला. पण तो तुकडा ऐकला की कळते, तिथे न्यूटन बासरीत फुंकर घालता घालता गळ्याने गातही आहेत आणि दोन नादांच्या घर्षणातून तिसराच काही आवाज उठतो आहे. स्वरलिपी लिहिली म्हणजे गायकी आली असे होत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही शागिर्दाला सांगावे लागत नाही. हिप-हॉपवाल्यांनी नेमकी ती न लिहिता येणारी गोष्टच हेरली होती; कायद्याच्या मापात मात्र तीच सापडली नाही. या एका खटल्यात माझे मन न्यूटन यांच्या बाजूने आहे, गाणे कितीही आवडत असले तरी.

शेवटचा आणि माझा सर्वांत अधिक वेळ घेणारा भाग होता डेट्रॉइटचे हिप-हॉप निर्माते जे डिला यांचा. फारसाइड या गटासाठी त्यांनी १९९५ साली ‘रनिन’ हे गाणे स्टॅन गेट्झ आणि लुईझ बोन्फा यांच्या १९६३ सालच्या बोसा नोव्हा या ब्राझिली शैलीतल्या ध्वनिमुद्रणावर उभे केले. गिटारचा तुकडा बसवायला मला त्रास पडला नाही. ड्रम मात्र काही केल्या तसे लागेनात. संगणक प्रत्येक ठोका आपोआप जवळच्या सम भागावर नेऊन बसवतो; ती सोय बंद करून हाताने वाजवले तर सगळेच सैल पडते. डिला यांची हातोटी अशी की काही आवाज यंत्राच्या काटेकोर जागेवर राहतात, तर काही केसभर आधी किंवा केसभर उशिरा येतात, आणि त्यांच्या ओढाताणीतून ठेका झुलतो. मी फक्त टाळीचा ठोका सेकंदाच्या काही हजारांश भागाने अलीकडे सरकवला, बाकी सर्व जागच्या जागी ठेवले, आणि आतापर्यंत नुसता चालणारा ठेका एकदम मान डोलवायला लावू लागला. एवढ्या बारीक फरकाला कान दाद देतो, हे स्वतः केल्याशिवाय मी मानले नसते.

वारसा म्हणून जे सांगितले जाते, ते मला इथून पुढे निराळे ऐकू येऊ लागले. गायक डिअँजेलो यांच्या २००० सालच्या ‘व्हूडू’ अल्बममध्ये क्वेस्टलव्ह यांच्यासारखे वादक प्रत्यक्ष ड्रमवर ही झुलती, मागे रेललेली लय वाजवतात, म्हणजे यंत्राकडून माणूस शिकतो. डिला २००६ साली गेले. पुढच्याच वर्षी पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर यांनी त्यांच्या रचना जॅझ त्रिकुटावर वाजवल्या. २०१५ च्या मार्चमध्ये रॅपर केंड्रिक लामार यांचा ‘टु पिंप अ बटरफ्लाय’ हा अल्बम आला, त्यात ग्लास्पर, थंडरकॅट, टेरेस मार्टिन आणि कमासी वॉशिंग्टन वाजवत होते. हिप-हॉपवर वाढलेल्या या वादकांना सॅम्पलची गरजच उरलेली नव्हती. अभ्यास करताना मुले मागे लावून ठेवतात ते मंद, भुरभुरीत पावसाळी ठेकेही याच घराण्याचे. टोकियोच्या नुजाबेस यांना त्यांचे पूर्वज मानतात. या ठेक्यांच्या पाठीराख्यांचा रोष पत्करून सांगते, की नुजाबेस यांच्याकडे निवड होती, पुढच्या अनेकांनी फक्त धूर घेतला. रेकॉर्डची खरखर आता बटण दाबून मिळते, आणि तिच्याखाली जे वाजते त्यासाठी कोणी एखादी रचना अखेरपर्यंत ऐकलेली असेल, असे वाटत नाही.

सध्या माझ्या हातात ‘इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन’ आहे, ट्राइबचे १९९३ सालचे. रॉनी फॉस्टर यांच्या १९७२ सालच्या ‘मिस्टिक ब्रू’मधला तुकडा त्यात तीन-तीन बारांच्या, म्हणजे आवर्तनांच्या, फेऱ्यांनी फिरतो, तर वरचे बोलणे नेहमीप्रमाणे चाराच्या हिशेबात चालते. विजय अय्यर यांच्या त्रिकुटाने २००९ साली हीच ‘मिस्टिक ब्रू’ पियानोवर वाजवली आहे. त्यांनी ती ट्राइबच्या कानांनी ऐकली होती की फॉस्टर यांच्या, यावर दादाचे आणि माझे एकमत झालेले नाही. तो म्हणतो फॉस्टर. मी बारा मोजत बसले आहे.